पायाळूची लाथ आणि निळा रोलर

मी माझ्या सुनेला लाथ मारली.

डोळे मोठे करायच्या आधी पुढचं ऐका. मारली ती तिनेच सांगितलं म्हणून, तिच्या भल्यासाठी, भर दुपारी अंगणात, चार बायांच्या देखत. तरी मारायला नको होती. आयुष्यात मी मूर्खपणा कमी केलेला नाही, पण या लाथेची सर कशालाच नाही.

आमच्याकडे, पोलादपूरच्या वरच्या डोंगरात, जो पायांकडून जन्माला आला तो पायाळू. कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणूस गाठायचा, त्याने दुखऱ्या जागी पायाने तीनदा लाथ घालायची, आणि उसण पळते. निदान सगळे तसं म्हणतात. आमच्या पाच वाड्यांची पायाळू मी. गेली सत्तेचाळीस वर्षं. भात झोडताना कुणाची कंबर धरो, मुंबईहून आलेल्या कुणाची गाडीत बसून पाठ आखडो, पाय माझा. शिवथरहून एकदा एक गृहस्थ आपल्या जाडजूड भावाला धरून घेऊन आले होते. लाथा मारून मीच दमले.

आता खरं सांगते. मी पायाळू नाही. चारचौघांसारखी डोक्याकडूनच आले. माझी आई सांगायची, माझ्या वेळचं बाळंतपण इतकं सोपं झालं, की सुईणीला पुरता चहासुद्धा प्यायला मिळाला नाही.

मग हे पायाळूपण आलं कुठून? लग्नाला पंधरा दिवस झालेल्या एका येड्या पोरीच्या तोंडून आलं. वय वर्षं एकोणीस, डोक्यावर पदर, आणि पदराखाली फारसं काही नाही. त्या दिवशी सकाळी सासूबाईंनी तिच्याकडून एकच पडवी तीनदा सारवून घेतली होती. "ह्ये काय सारवन हाय? कोंबडी चालून गेल्यावानी!" दुपारी त्याच सासूबाई गवताचा भारा उचलायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. पाठीत उसण. त्याच पडवीत पालथ्या पडून कण्हायला लागल्या, "अगो, कुनीतरी पायाळू बगा गो!" पायाळू म्हातारा होता दोन डोंगर पलीकडे. तेवढ्यात आमची ही पोरगी चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "मी हाय पायाळू."

का म्हणाली? मी तिला आजवर अनेकदा विचारलंय. नव्या घरात आपणही कुणीतरी व्हावं ही हौस होतीच. पण खरं कारण त्याहून वाईट आहे. सासूच्या पाठीत लाथ घालायची, तीही तीनदा, तीही तिनेच मागितलेली! अशी संधी कुठल्या सुनेला मिळते? पहिली लाथ हळूच घातली. दुसरी बरी घातली. तिसरी मात्र त्या तीन वेळच्या सारवणाची आठवण काढून घातली. आणि काय सांगू, सासूबाई उठून बसल्या! "गेली गो! उसन गेली!" संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं, रात्रीपर्यंत पाचही वाड्यांत. आता मी माघार घेणार कशी?

तर गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मुंबईवाले सुट्टीला आले, की दरवर्षी काहीतरी स्पर्धा घेतात. या वेळी त्यांनी काढली लग्न झालेल्या बायकांची कबड्डी. आसपासच्या गावांचे संघ, खालच्या शाळेचं मैदान, छापून आणलेले टी-शर्ट. आमच्या वाडीतून कशाबशा सात जणी जमल्या. त्यातल्या सहा जणी पकड करायला बऱ्या होत्या. भांडणात एकीने दुसरीचा हात धरला तर सोडवायला पंचायत बसवावी लागते. पण पलीकडच्या अंगणात शिरून गडी मारून परत येणारी एकच होती. माझी सून.

तिचं माहेर दासगावचं. सावित्रीच्या काठावरच्या वाळूत खेळून शिकलेली. लग्नाआधी ती जिल्ह्याच्या संघापर्यंत गेली होती. हे मला तेव्हाच ठाऊक होतं, कारण सासरी येताना तिच्या पेटीत साड्यांच्या खाली पाठीवर सात नंबर असलेली एक जर्सी होती. त्या जर्सीचं मी काय केलं, ऐका. तेव्हाची मी म्हणजे एकोणीसची नव्हे, चांगली अठ्ठेचाळीस वर्षांची, सासू झालेली, अक्कल आलेली असायला हवी अशी बाई. त्या बाईने ती जर्सी लादी पुसायला काढली. "कापड चांगलं पानी शोषतं," असंही वर म्हणाली. सुनेने ती बादलीत बुडवून पिळली. सात नंबर आमच्या घरात वर्षभर गुडघ्यांवर फिरत होता.

त्यानंतर अठरा वर्षांनी, एकोणचाळिसाव्या वर्षी, ती पुन्हा मैदानात उतरायला निघाली. घरात कुणी काही म्हणायच्या आत मीच ओरडले, "जा गो, खेळ! भाकऱ्या मी थापते." तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. पहाटे उठून ती अंगणात वाकायची, उड्या मारायची, एका दमात "कबड्डी कबड्डी" म्हणत विहिरीपर्यंत जाऊन यायची. म्हशीसुद्धा मान वळवून बघायच्या.

सामन्याला नऊ दिवस उरले होते, तेव्हा सरावात तिच्या डाव्या मांडीची मागची शीर आखडली. लंगडत घरी आली, अंगणात घोंगडीवर पालथी झाली आणि म्हणाली, "आई, तुमचा पाय लावा की. परवा त्या काकींची पाठ सुटली ना तुमच्यामुळं."

संघातल्या बाया सोबत आल्याच होत्या. त्याही म्हणाल्या, "लावा लावा, म्हातारीचा पाय गुनाचा हाय."

आता उसण भरते पाठीत. मांडी हा माझ्या कारभाराचा भागच नव्हे. आणि कारभार तरी कसला, खोटा! पण सत्तेचाळीस वर्षं लोक "पायाळू, पायाळू" म्हणत असले, की पायालाही गर्व चढतो. पहिली लाथ घातली. "अजून जोरात?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दुसरी घातली. ती किंचाळली. तिसरी घालायची वेळच आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मांडीवर कारल्याएवढा निळा डाग, आणि तिला ओटीची पायरी उतरता येईना.

चढाईला दुसरी कुणी नव्हती. ती नाही उतरली तर आमच्या वाडीचा संघच उतरणार नव्हता. आणि हे मी केलं होतं. अठरा वर्षांपूर्वी जर्सीने लादी पुसून झाली होती, आता पायही मीच पुसून टाकला. कुणाला सांगायची सोय नाही, कारण सगळ्यांच्या मते लाथ गुणाची, मांडीच नाजूक!

आम्ही दोघी सकाळच्या एसटीने महाडला गेलो. तिथे व्यायामाने हातपाय बरे करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत, पोरसवदा, चष्मेवाल्या. त्यांनी मांडी दाबून, वाकवून, ताणून पाहिली.

"फाटलेलं काही नाही. स्नायू आखडलाय, त्यात वरून मार बसलाय. मार कसा बसला?"

मी छताकडे बघायला लागले. सून म्हणाली, "पायरीवरून घसरले."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"तीन दिवस पाय शांत. बर्फ. मग हे," असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी कोपऱ्यातून एक वस्तू काढली. निळी, गोल, हातभर लांबीची, आतून पोकळ, आणि वरून फणसासारखे उंचवटे. उचलून बघितली तर पिसासारखी हलकी. "फोम रोलर. याच्यावर मांडी ठेवायची आणि अंगाच्या भाराने सावकाश पुढे-मागे जायचं. जिथे दुखेल तिथे थांबायचं, पाच-सहा श्वास घ्यायचे, मग पुढे. गुडघ्याच्या मागच्या खळगीत नाही, हाडावर नाही, कमरेच्या मणक्यावर तर नाहीच. आणि त्या निळ्या डागावर अजिबात नाही, त्याच्या वर आणि खाली."

"यानं बरं होईल?" मी विचारलं.

"आजी, ही जादू नाही. स्नायू जरा सैल पडतो, दुखणं हलकं होतं, पाय मोकळा वाटतो. बाकी काम विश्रांतीचं."

जादू नाही, असं स्वतःच्या तोंडाने सांगणारी वैद्य मी पहिल्यांदाच पाहिली. मी माझे पाय लुगड्यात ओढून घेतले.

तसलाच रोलर बाजारात खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळाला. परतीच्या एसटीत तो माझ्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "मावशी, बोअरिंगचा पाइप काय?" मागच्या बाकावरच्या बाईने अंदाज केला की चकलीचा मोठा सोऱ्या असेल. एकाने तर हात लावून विचारलं, "लादीला डिझाइन काढायचं यंत्र ना?" मी म्हटलं, "सासूला लोळवायचं यंत्र हाय." अख्खी एसटी हसली. सून खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलताना मला दिसले.

तीन दिवस दुकानातल्या बर्फाच्या कांड्या फडक्यात गुंडाळून तिच्या मांडीला लावल्या. चौथ्या दिवशी रोलर निघाला. माजघराच्या लादीवर ती बसली, रोलर डाव्या मांडीखाली, दोन्ही हात मागे टेकलेले, बूड किंचित उचललेलं. सावकाश पुढे. सावकाश मागे. मी पाटावर बसून श्वास मोजायचे.

"थांब! हितं दुकतंय ना? तोंड वाकडं झालं तुजं."

"हां... हितंच."

"श्वास घे. एक. दोन. घाई नको गो. तीन."

पाचव्या श्वासाला तिचा आवळलेला जबडा सुटायचा. मला इतका आनंद व्हायचा, जणू अडलेली गाय मोकळी झाली!

आणि मग माझ्यातली ती जुनी येडी जागी झाली. दुपारी सून झोपलेली बघून मी रोलर पळवला. श्वास मोजून मोजून मला वाटायला लागलं होतं, यात काय मोठं? लुगड्याचा काष्टा घट्ट केला, रोलर पोटरीखाली घ्यायचा सोडून थेट त्याच्यावर बसले, आणि पाय उचलले. रोलर निघाला पुढे, मी गेले मागे, आणि लादीवरून सुळकन घसरत अर्धी पलंगाखाली. तिथून बाहेर बघते तर सुनेचे दोन पाय उभे.

"आई, तुमी पलंगाखाली काय करताय?"

"मांजर शोधतेय."

"आपल्याकडं मांजर हाय?"

"म्हनून तर सापडत नाय!"

तिने मला ओढून काढलं, नीट बसवलं, रोलर पोटरीखाली सरकवला आणि म्हणाली, "आता हळू." मी पोटरी फिरवली. अगं बाई! काय सांगू! पन्नास वर्षं चिखलात वाकून लावणी केलेल्या त्या पोटऱ्या, त्यांच्यात गाठी कुठे कुठे दडून बसल्या होत्या ते मलाच ठाऊक नव्हतं. एकेका गाठीवर रोलर आला, की डोळ्यांत पाणी आणि तोंडात हसू, दोन्ही एकदम. "आई गं" म्हणते आहे, आणि "अजून" पण म्हणते आहे. असं गोड दुखणं मला कुणी आयुष्यात सांगितलं नव्हतं. लोकांच्या पाठी तुडवण्यात जन्म गेला, स्वतःच्या पायांना कधी हात लावला नाही.

दोन्ही पोटऱ्या झाल्या. उठून उभी राहिले, तर पाय कापसाचे. त्या आनंदात माझं तोंड सुटलं.

"बाय, एक सांगू? मी पायाळू नाय."

ती रोलरवर बसतच होती. मांडी रोलरवर, हात मागे, अशीच अडकली. मी सगळं सांगून टाकलं. सारवण, भारा, तीन लाथा, तिसरी कशी घातली तेसुद्धा. ती आधी नुसती बघत राहिली. मग तिच्या पोटातून हसू आलं, हात सुटले, आणि ती रोलरवरून बाजूला कोसळली. "आजेसासूबाईंना... तिसरी... सारवनाची!" हसता हसता तिचा श्वास अडकला.

मग छताकडे बघत पडून राहिली.

"मग मला कशाला मारलीत?"

मस्करीत उत्तर देता आलं असतं. जीभ त्यासाठीच दिलीय मला. पण नाही जमलं.

"तोवर मलाच खरं वाटाय लागलं होतं गो," मी म्हटलं. "आनि ती जर्सी... ती मी मुद्दाम..."

"ते ठाऊक हाय," ती म्हणाली. उठून बसली, मांडी पुन्हा रोलरवर ठेवली. "मोजा आता. एकपासून."

मी मोजायला लागले. एकनंतर थेट तीन म्हटलं, तर म्हणाली, "नीट मोजा, नायतर पन्नास श्वास मोजाय लावीन."

सकाळ-संध्याकाळ हेच. सहाव्या दिवशी ती पायरी उतरली. सातव्या दिवशी विहिरीपर्यंत चालत गेली. आठव्या दिवशी अंगणात हळू धावली, आणि आल्याबरोबर स्वतःच रोलर ओढला. "आई, आज नुसती थकलीय, दुकत नाय!" मी दोन्ही हात वर करून नाचले. कोंबड्या पळाल्या.

सामना होता शनिवारी चार वाजता. मैदान शिंपडलेलं, फक्कीच्या पांढऱ्या रेषा, कडेला मुंबईवाले मोबाईल उंच धरून. आम्ही रोलर पिशवीत घालून नेला होता. सामन्याआधी आमच्या सातही जणींनी आंब्याखाली बसून आळीपाळीने मांड्या फिरवल्या. पलीकडच्या गावच्या बाया बघत होत्या. एक जण म्हणालीच, "ह्यांनी लाटनं आनलंय, भाकऱ्या करनार काय?"

पहिला डाव आमच्या हातून गेला. सून सांभाळून खेळत होती, डावा पाय जरा राखून. दुसऱ्या डावात तिने दोन गडी टिपले, मग आणखी एक. माझा घसा बसला. शेवटची चढाई उरली, तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे. पंचाने बोट वर केलं. सून "कबड्डी कबड्डी" म्हणत आत शिरली.

डावीकडे गेली, वळली, आणि त्यांच्यातल्या एका दांडग्या बाईने तिचा घोटा धरला. डावा! मागून दुसरी आली, कमरेला. तिसरी अंगावर. सून पडली. माझा जीव त्या मांडीत अडकला. पण तिच्या तोंडून "कबड्डी कबड्डी" चालूच. पालथी पडल्या पडल्या तिने उजवा पाय रोवला, डावा ओढला, तिन्ही बायांसकट वीतभर पुढे सरकली. अजून वीतभर. मला तिच्या मांडीचा तो मागचा स्नायू टी-शर्टखालच्या पँटमधूनसुद्धा ताणलेला दिसत होता, शप्पथ! हात पुढे. बोटं रेषेपासून चार बोटं. तीन. मी ओरडले. काय ओरडले ते मला आजही नीट आठवत नाही. लोक म्हणतात, मी ओरडले, "श्वास घे गो! एक! दोन!" आणि ओरडता ओरडता मी रेषेच्या आतच गेले होते. पंच म्हणाला, "आजी, बाहेर! आजी, मागे व्हा!" आणि तेवढ्यात तिची बोटं रेषेवर पडली.

तिघी बाद. तीन गुण. एका गुणाने आम्ही जिंकलो!

पुढचं थोडा वेळ मला धुळीतच दिसलं. कुणीतरी माझा हात धरून मला गोल फिरवत होतं. पंच माझ्याकडे बघून कपाळाला हात लावत होता. मग गर्दीतून सून आली. कोपर खरचटलेलं, केसांत माती, आणि चालताना लंगडत नव्हती. ती मिठी मारील, रडेल, मग मीही रडेन, अशी मी पदर हातात घेऊन तयारच होते. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, गुडघ्यांवर हात टेकून तिने दोन मोठे श्वास घेतले आणि म्हणाली,

"आई, उद्या दुसरा सामना हाय. या तुमी, पन तोंडात सुपारी धरून या. तुमचं ते मोजनं ऐकून मला असं हसू आलं, की रेषेपाशी माजा दम सुटता सुटता ऱ्हायला."